झाडावर तासन्‌तास लटकून काम करायचं आहे: न रुतणारा हार्नेस कसा निवडावा?

उंबरसावली

नमस्कार मंडळी,

पुण्यात सोसायट्या, बंगले, शाळांची मैदानं इथल्या मोठ्या झाडांची छाटणी आणि वाळलेल्या फांद्या उतरवायचं काम मी करतो. मी आणि आणखी दोघं वर चढतो, खाली दोर धरायला आणि फांद्या ओढायला माणसं असतात. एप्रिल-मे हा आमचा हंगाम. पावसाआधी फांद्या काढून द्या म्हणून फोन सुरू होतात, आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात पडली की लागोपाठ कामं. झाडं बहुतेक रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर, मधूनच एखादा जुना आंबा.

दोराचं तंत्र आता बऱ्यापैकी बसलं आहे. थ्रोलाइन, म्हणजे वजन बांधलेली बारीक दोरी, टाकून दोर वर घालतो, साल सोलवटू नये म्हणून फांदीवर केंबियम सेव्हर लावतो, दोराची दोन्ही टोकं खाली घेऊन प्रुसिकवर (दोरावर सरकणारी, वजन आलं की आवळणारी गाठ) चढ-उतार करतो. अडचण आहे ती हार्नेसची, म्हणजे अंगाला बांधून लटकायच्या पट्ट्यांची. आमच्याकडे दोन प्रकारचे आहेत. एक बांधकामावर वापरतात तो फुल बॉडी, ज्याची मुख्य रिंग पाठीवर असते. त्यात छातीच्या रिंगला दोर लावला की माणूस उभाच्या उभा टांगला जातो आणि जांघेतले पट्टे रुततात. दुसरा एका ट्रेकर मित्राने दिलेला, कड्यावर चढायचा. त्यात चढायला छान वाटतं, पण एका जागी बसून करवत चालवायची म्हटलं की अर्ध्या तासात मांड्या बधिर.

रेन ट्रीवर तर सगळं काम आडव्या फांद्यांवर. खोडापासून लांब जायचं, एका कुशीवर कलायचं आणि हात ताणून कापायचं. तसं कललं की कंबरपट्टा बरगड्यांखाली सरकतो आणि श्वास कोंडतो.

आमच्यातला एक गडी हार्नेसच नको म्हणतो. कमरेला दोर बांधून चढतो. म्हणतो, निदान रुतत तरी नाही. त्याला ओरडून काही होणार नाही, त्याला स्वतःहून घालावासा वाटेल असा हार्नेस मला शोधायचा आहे. परदेशी झाडकामाचे हार्नेस फोटोत पाहिलेत, पण किंमत बघता हात न लावता मागवायची हिंमत होत नाही. आरामदायी म्हणजे नेमकं काय बघायचं? जाड गादी? रुंद पट्टा? की बसायला फळी असलेला?

कडेकपारी

चांगला विषय काढलात. आधी मित्राच्या हार्नेसबद्दल.

कड्यावरचा हार्नेस पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो. चढणारा स्वतःच्या हातापायांवर उभा असतो, हार्नेसवर वजन येतं ते पडल्यावर किंवा बिले देताना, म्हणजे साथीदाराचा दोर सांभाळताना, थोडा वेळ. म्हणून तो हलका आणि अरुंद बनवतात. युरोपात त्याचं मानक ईएन १२२७७ आणि बसून काम करायच्या हार्नेसचं ईएन ८१३. मोठ्या भिंतींवर दिवस काढणारे गिर्यारोहकसुद्धा रुंद पट्ट्यांचा हार्नेस आणि वर बिलेसाठी वेगळी बसायची फळी नेतात. तेव्हा तुमच्या मांड्या बधिर होतात यात हार्नेसचा दोष नाही, ते त्याचं कामच नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. त्या हार्नेसच्या कमरेला बाजूने ज्या कड्या असतात त्या गिअर लूप, म्हणजे सामान अडकवायच्या. त्यांच्यावर माणसाचं वजन घ्यायचं नसतं. झाडावर खोडाभोवती लॅनयार्ड (आधाराचा आखूड दोर) फिरवून तो दोन्ही बाजूंना अडकवायची गरज पडते आणि नवख्याचा हात आपसूक त्या लूपकडे जातो. वजन आलं तर लूप तुटतो. तुमच्याबरोबर चढणाऱ्यांना हे आजच्या आज हार्नेस हातात देऊन दाखवा.

साइट_सुरक्षा

चाकणच्या पट्ट्यात उंचीवरच्या कामांची सुरक्षा बघतो. कंपनीच्या आवारातलं झाड छाटायला माणसं आली की गेटवर फुल बॉडी हार्नेस आहे का ते विचारलं जातं. आपलं आयएस ३५२१ किंवा युरोपचं ईएन ३६१ असं लेबल दिसलं की आत सोडतात. सरकारी निविदांमध्येही तोच शब्द असतो. त्यामुळे 'फुल बॉडी काढून टाका' असा सल्ला मी देणार नाही.

पण पाठीच्या रिंगचा हिशोब झाडावर जुळत नाही, हे मान्य. पाठीची रिंग पडणं रोखण्यासाठी. लॅनयार्ड दोनेक मीटरचा, झटका बसला की ऊर्जाशोषक उलगडून आणखी जवळपास तेवढंच लांबतो, मग माणसाची स्वतःची उंची, वर थोडी राखीव जागा. सगळं मिळून खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. मचाणावर ती मिळेल. झाडावर दीड मीटर खालीच दुसरी फांदी असते. तिथे खरी सुरक्षा म्हणजे दोर सदैव ताणलेला ठेवणं, ढील न देणं. म्हणजे पडायचा प्रश्नच कमी. यालाच वर्क पोझिशनिंग म्हणतात.

लेबल वाचायला शिका. ईएन ३६१ म्हणजे पडणं रोखणारा फुल बॉडी. ईएन ३५८ म्हणजे बाजूच्या डी-रिंगांवर लॅनयार्ड लावून टेकायचा पट्टा. ईएन ८१३ म्हणजे पुढून लटकून बसायचा. काही फुल बॉडी हार्नेसवर हे तिन्ही आकडे असतात: पाठ, छाती, कमरेच्या दोन बाजू आणि पोटापाशी एक, अशी पाच ठिकाणं. रोप ॲक्सेसवाले, म्हणजे दोरावर लटकून उंचीवरची कामं करणारे, हेच वापरतात. आपल्याकडच्या कंपन्यांचेही मिळतात. तुमच्याकडे आहे त्यावर बहुधा एकच आकडा असेल.

आणि दोर ओला असेल तर विजेच्या तारांपासून दुप्पट सावध राहा. विषयाला धरून नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पारंबी

मी इंग्लंडमध्ये झाडांवर चढून काम करते. माझा कामाचा दिवस हार्नेसमध्येच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंबरसावलीदादा, कललं की पट्टा बरगड्यांखाली सरकतो असं तुम्ही लिहिलंत. मुख्य दुखणं तेच आहे. गादी पातळ आहे म्हणून ते होत नाही, वजन चुकीच्या जागी येतंय म्हणून होतं. लोक दुकानात गादी दाबून बघतात, मऊ लागली की घेतात. मी गादी सगळ्यात शेवटी बघते.

लटकताना बरंचसं वजन मांड्यांनी आणि बैठकीने घ्यायला हवं. कंबरपट्टा पाठीला टेकू देतो आणि मागे कलंडू देत नाही, एवढंच त्याचं काम. मांडीचे पट्टे सैल असले किंवा त्यांना कमरेशी जोडणाऱ्या पट्ट्या फार लांब असल्या, तर बैठक खाली राहते आणि सगळा भार कंबरपट्ट्यावर येतो. तो मग वर चढतो. त्याच पट्ट्या फार आखूड असतील तर गुडघे वर येतात, माणूस पुढे वाकून बसतो आणि तासाभरात कंबर धरते. जांघेपासून कमरेपर्यंतचं हे अंतर ज्याला स्वतःच्या मापाने कमीजास्त करता येत नाही असा हार्नेस मी घेणार नाही, मग तो कितीही मऊ असो.

आता ब्रिज. झाडकामाच्या हार्नेसला पुढे पोटाच्या दोन बाजूंना दोन रिंगा असतात आणि त्यांच्यामध्ये दोराचा एक आखूड तुकडा. त्या तुकड्यावर एक सुटी रिंग सरकते आणि तुमचा चढायचा दोर त्या रिंगला. तुम्ही डावीकडे कललात की रिंग ब्रिजवरून सरकते. तुमचं अंग वळतं, पण हार्नेस अंगाभोवती पिळला जात नाही. कड्यावरच्या किंवा साध्या फुल बॉडी हार्नेसमध्ये पुढे एकच पक्की जागा असते, म्हणून तुम्ही वळलात की पट्टाही वळायला बघतो आणि एका बाजूची मांडी सगळा भार सोसते. रेन ट्रीच्या आडव्या फांदीवर तुमची जी दशा होते तिचं अर्धं उत्तर ब्रिज आहे.

आमच्याकडे सर्रास दिसणारे म्हणजे पेट्झलचा सिकोया, टॉइफेलबर्गरचा ट्रीमोशन, एडेलरिडचा ट्रीरेक्स. तिन्ही चांगले. एकाच गँगमध्ये तीन माणसं तीन वेगळे वापरतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा टोचतो, कारण शरीरं वेगळी. म्हणून कुणी 'अमुकच घे' म्हटलं तर ऐकून घ्या आणि स्वतः लटकून बघा.

लटकून बघण्याची माझी पद्धत अशी. मजबूत आधाराला दोर लावून जमिनीपासून गुडघाभर उंचीवर बसायचं. कामाची पँट घालून, खिसे रिकामे करून. आधी उभ्याने नीट घालायचा: कंबरपट्टा नितंबाच्या हाडांच्या वर टेकलेला, मांडी आणि पट्टा यांच्यात तळहात सपाट सरकेल एवढीच जागा. मग बसायचं आणि घाई करायची नाही. पहिली पाच मिनिटं सगळे हार्नेस चांगलेच वाटतात. त्यानंतर हलायला लागायचं. हातात करवत धरून डावीकडे पूर्ण हात ताणायचा, मग उजवीकडे. खोडाला लॅनयार्ड घालून मागे रेलायचं. जवळपास आडवं व्हायचं आणि परत उठून बसायचं. उठताना पोटाला फार जोर लावावा लागला तर पुढच्या रिंगा तुमच्या अंगाच्या मानाने खाली आहेत. कमरेला करवत, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), लॅनयार्ड सगळं अडकवून पुन्हा तेच करायचं, कारण रिकामा हार्नेस आणि भरलेला हार्नेस यांत जमीन-अस्मानाचा फरक. अर्ध्या तासाने खाली उतरून पँट वर करून त्वचा बघायची. लाल रेघ कुठे उमटली आहे त्यावरून कुठला पट्टा हलवायचा ते कळतं.

सामानामुळे पट्टा खाली ओढला जात असेल तर खांद्यावरून जाणारे गॅलिस लावा. ते माणसाला झेलण्यासाठी नसतात, फक्त सामानाचं ओझं कमरेवरून खांद्यावर नेतात. माझ्या मते उन्हाळ्यात जाड गादीपेक्षा गॅलिस आणि जाळीची, हवा खेळणारी पाठपट्टी जास्त सुख देते. पुण्याच्या मे महिन्यात जाड फोम घामाने भिजतो आणि भिजलेला फोम कातडी सोलतो.

बायकांसाठी एक वेगळं सांगते. कंबर बारीक आणि नितंब रुंद असेल तर एका मापाचा कंबरपट्टा आणि त्याच मापाचे मांडीपट्टे जमत नाहीत. मागवताना कंबर आणि मांडी दोन्ही मोजून कळवा, नुसतं 'मीडियम' लिहू नका. बारीक चणीच्या पुरुषांनाही हे लागू.

उंबरसावली

पारंबीताई, मनापासून आभार. प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे. कडेकपारी, गिअर लूपचं आजच सकाळी सगळ्यांना दाखवलं. एकाला खरंच माहीत नव्हतं.

फळीच्या बैठकीचं राहिलं. आणि एकेरी दोरावर चढायचं शिकायचा विचार आहे, त्याला वेगळा हार्नेस लागतो का?

पारंबी

फळीची किंवा सलग बैठकीची पद्धत अमेरिकेकडे जास्त दिसते. एका जागी लटकून बराच वेळ काम असेल तर ती खरोखर सुखाची असते, झोपाळ्यावर बसल्यासारखी. पण चालताना फळी मांडीच्या मागे आपटते आणि पाय फाकवून फांदीवर तोल सांभाळताना आडवी येते. तुमचं काम आडव्या फांद्यांवर चालत जाण्याचं आहे, तर मांडीचे वेगवेगळे पट्टेच बरे.

एकेरी दोरासाठी हार्नेस तोच चालतो, फक्त चढताना दोर पकडणारं यंत्र छातीशी सरळ उभं राहावं लागतं. म्हणून छातीचा पट्टा किंवा गॅलिस जोडायची सोय बघून घ्या. सिकोयाची एक आवृत्ती खास त्यासाठीच आहे. चढायला पायाचा आणि गुडघ्याचा ॲसेंडर (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावला की भार पायांवर जातो आणि जांघेवरचा ताण बराच उतरतो.

किंमत विचारली नाहीत, पण सांगते. इथे असे हार्नेस साधारण तीनशे ते पाचशे पौंडांत येतात. वर तुमच्याकडची कस्टम ड्युटी.

कलमीआंबा

आमचा रत्नागिरीजवळ बाग आहे. हापूसची जुनी कलमं फार उंच गेली की छाटून खाली आणावी लागतात, शिवाय परड्यात माड आणि पोफळी. चढणारे गडी आता मिळत नाहीत. जे मिळतात ते पन्नाशीच्या पुढचे, पोरं मुंबईला. निसर्ग वादळ झालं, ३ जून २०२०, तेव्हा दापोली-श्रीवर्धनकडे आमच्या नातेवाइकांच्या बागा झोपल्या. घरांवर आडवी झालेली झाडं कापायला माणसं कमरेला नारळाचा काथ्या बांधून चढत होती. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

माझा प्रश्न माडाचा. माडाला फांदीच नाही, तर दोर वर टाकणार कशावर? तिथे तुमचा ब्रिजवाला हार्नेस काय कामाचा?

दुसरं, आंब्यावर लाल डोंगळे असतात. हार्नेसमध्ये अडकलेला माणूस ते अंगावर चढले तर पटकन सुटणार कसा?

पारंबी

कलमीआंबाकाका, माडावर मी काम केलेलं नाही, पण तत्त्व सांगते. तिथे वरून दोर नसतो, त्यामुळे बाजूच्या दोन डी-रिंगा आणि खोडाभोवतीचा लॅनयार्ड यांवर सगळी मदार. ईएन ३५८चा रुंद कंबरपट्टा आणि मांडीपट्टे असलेला हार्नेस हवा. नुसता कंबरपट्टा नको, पाय सुटला तर तो काखेपर्यंत सरकतो. झावळ्यांपाशी लॅनयार्ड सोडून पुन्हा लावावा लागतो त्या क्षणासाठी दुसरा लॅनयार्ड आधी लावलेला हवा. एक सुटला तरी दुसरा आहेच, अशा क्रमाने. आणि बुटांना खिळे लावून माड चढू नये. माडाच्या खोडाची जखम भरत नाही, आयुष्यभर तशीच राहते.

केरळात पायाने चालवायचं चेंबेरी पद्धतीचं यंत्र रुळलं आहे. नारळ विकास मंडळाने २०११च्या सुमारास तिकडे तरुणांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मुली आणि बायकाही माडावर चढायला लागल्या. पण यंत्र चढवतं, झेलत नाही. पट्टा वेगळा लागतोच.

डोंगळ्यांचं उत्तर हार्नेसमध्ये नाही, दोरात आहे. दोर खालपर्यंत पोचलेला असेल तर हिच (दोरावरची आवळणारी गाठ) दाबून तुम्ही काही क्षणांत जमिनीवर. सुटायचं नाही, उतरायचं. आग्या मोहोळाचंही तेच. म्हणून दोर नेहमी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब आणि खाली मोकळा.

साळुंकी२२

मधे एक प्रश्न. आमच्या गावी एक टेलर आहे, बॅगा आणि तंबू शिवतो. साधा हार्नेस घेऊन त्याच्याकडून जाड फोम शिवून घेतला तर? पंधराशेचा हार्नेस आणि पाचशेची शिलाई. परवडेल तरी.

साइट_सुरक्षा

नको. अजिबात नको. भार घेणाऱ्या पट्ट्यात बाहेरची सुई घातली की धागे कापले जातात आणि त्या पट्ट्याची ताकद किती उरली ते कुणी सांगू शकत नाही. लेबलवरच्या आकड्याला मग काही अर्थ राहत नाही. शिवाय फोमखाली कारखान्याची शिलाई झाकली जाते. आमची तपासणी मुळात त्या शिलाईची असते: धागा उसवला आहे का, रंग उडाला आहे का, कुठे कडक झालंय का. ती दिसलीच नाही तर तपासणार काय?

काढता-घालता येणारी, वेल्क्रोने पट्ट्याभोवती गुंडाळायची गादी काही कंपन्या स्वतःच विकतात. घ्यायची तर ती, त्याच हार्नेससाठी बनवलेली. पण पारंबीताईंनी लिहिलंय ते खरं आहे. माप चुकलेल्या हार्नेसला गादी लावून दुखणं दुसरीकडे सरकतं, जात नाही.

घाटमाथा_डॉक्टर

धागा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

बधिरपणा नेमका कुठे येतो ते बघा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या किंवा जळजळ होत असेल तर कमरेच्या पुढच्या हाडाजवळून मांडीत उतरणारी त्वचेची नस दाबली जात असते. मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात त्याला. घट्ट पट्टे वापरणाऱ्या इतर कामांतही दिसतो. पट्टा किंवा बकल नेमकं त्या हाडाच्या टोकावर आलं असेल तर दोन बोटं वरखाली करून फरक पडतो. जांघेच्या आतल्या बाजूला दुखून पूर्ण पाय जड होत असेल तर तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा पट्ट्याखाली येतायत, तो जास्त काळजीचा प्रकार. हार्नेस काढल्यावर दोन-तीन तासांतही बधिरपणा गेला नाही किंवा पायात शक्ती कमी वाटली तर दाखवून घ्या, 'होईल बरं' म्हणून सोडू नका.

दुसरं, निश्चल लटकणं. आपण हलतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. बेशुद्ध किंवा जखमी माणूस हार्नेसमध्ये न हलता टांगलेला राहिला तर रक्त पायांत साचतं आणि तो काही मिनिटांतही धोक्यात येऊ शकतो. म्हणून वर अडकलेल्याने पाय हलवत राहावं, पायात अडकवून उभं राहायला दोराचा फास जवळ ठेवावा आणि खालच्यांनी त्याला लवकरात लवकर उतरवावं. उतरवल्यावर आडवं झोपवू नये, बसतं ठेवावं, असा एक समज अजून पसरलेला आहे. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने २००९ साली पुरावे तपासून तो खोडून काढला. नेहमीचा प्रथमोपचार करायचा, आडवं झोपवायचं, श्वास बघायचा, रुग्णवाहिका बोलवायची.

कडेकपारी

डॉक्टर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या शिबिरांतही बसतं ठेवायचं असंच सांगितलं जायचं.

उंबरसावली, तुमच्या गँगमध्ये वर अडकलेल्याला उतरवणारा माणूस ठरलेला आहे का? हार्नेस विकत घेताना हे आठवलं नाही तर नंतर आठवत नाही.

पारंबी

अगदी. इथे झाडावर चढायला शिकताना वरून दुसऱ्याला उतरवायलाही शिकावंच लागतं. आणि तो दुसरा माणूस काम चालू असताना स्वतःचा हार्नेस अंगात घालूनच खाली उभा असतो. गाडीतली पिशवी शोधायला वेळ नसतो. तेव्हा दादा, एका फार महागड्या हार्नेसपेक्षा दोन बऱ्यापैकी घ्या.

उंबरसावली

मंडळी, थोडी प्रगती.

रोप ॲक्सेसचं काम करणाऱ्या एका ओळखीच्याने दोन हार्नेस वापरून बघायला दिले. एक त्यांचाच, तिन्ही आकड्यांचा फुल बॉडी. दुसरा झाडकामाचा, ब्रिजवाला, त्याने बाहेरून आणलेला. एका सोसायटीतल्या आंब्याच्या जाड फांदीला दोर लावला आणि पारंबीताईंच्या पद्धतीने आम्ही तिघंही आळीपाळीने गुडघाभर उंचीवर बसलो.

फुल बॉडीच्या पोटाच्या रिंगवर बसायला चांगलं वाटलं, आमच्या जुन्याशी तुलनाच नाही. पण कुशीवर कललो की खांद्याचा पट्टा मानेला घासायचा आणि एका मांडीवर भार यायचा. ब्रिजवाल्यात सुरुवातीला मला तोही रुतला. मांडीची जोडपट्टी दोन्ही बाजूंनी आखूड केली, कंबरपट्टा हाडाच्या वर घेतला, पुन्हा बसलो. डावीकडे हात ताणला तेव्हा रिंग ब्रिजवरून करकरत सरकली आणि पट्टा जागच्या जागी राहिला. बरगड्यांखाली काही आलंच नाही.

कमरेला दोर बांधणारा आमचा गडी आधी बाजूला उभा राहून बघत होता. त्याला बसवलं. तो बारीक चणीचा, मांडीपट्टे पूर्ण घट्ट करूनही त्याला सैल होत होते, म्हणजे त्याच्यासाठी लहान माप लागणार. तरी तो बराच वेळ उतरला नाही. खाली आल्यावर पँट वर करून लाल रेघ दाखवली आणि स्वतःच म्हणाला, हा इथला पट्टा दोन बोटं खाली हवा.

दोन प्रश्न उरलेत. ब्रिज किती लांब ठेवायचा? आणि पावसाळ्यात हे सगळं कोरडं कसं ठेवता?

पारंबी

वाचून इतकं बरं वाटलं!

ब्रिज लांब केला की बाजूला कलायला जास्त मोकळीक, पण रिंग अंगापासून दूर जाते आणि तिच्यावरची हिचही. लटकून बसल्यावर कोपर थोडं वाकलेलं असताना हिच पूर्ण मुठीत यायला हवी. हात सरळ ताणावा लागला तर ब्रिज आखूड करा, दिवसभरात खांदे भरून येतात. आडव्या फांद्यांचं काम जास्त असल्याने मी तुमच्या जागी आखूडपासून सुरुवात करून थोडा थोडा वाढवत नेला असता. ब्रिजचा दोर रोज चढण्याआधी रिंग सरकते त्या पट्ट्यात बोटांनी चाचपायचा. आवरण फुगलं, चपटं झालं किंवा आतलं पांढरं दिसलं की तो बाद. हार्नेस टाकावा लागत नाही, ब्रिज तेवढा बदलता येतो, पण कंपनीचाच घ्या. ब्रिज गाठीचा असेल तर गाठीपुढे कंपनीने सांगितलेली शेपटी उरली आहे ना, तेही बघा.

धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण, वाळवायला सावली. उन्हात टांगू नका, ऊन नायलॉनला खातं. चेनसॉचं तेल आणि पेट्रोल यांच्या डब्यांबरोबर एका पोत्यात कधीही नाही. बॅटरीच्या आम्लाची वाफसुद्धा वाईट, म्हणून गाडीच्या डिकीत कायमचा ठेवू नका.

साइट_सुरक्षा

तपासणीची वही घाला. हार्नेसचा अनुक्रमांक, बनवल्याचा महिना-वर्ष, वापर सुरू केल्याची तारीख. वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी.

पारंबी

इथे माणसं उचलणाऱ्या साधनांची दर सहा महिन्यांनी तपासणी कायद्यानेच लागते. कापडी भागांना पेट्झलसारख्या कंपन्या बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. रोज वापरात त्याच्या खूप आधीच तो बाद होतो. सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, त्याच्यावर आधी काय आदळलंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

कलमीआंबा

उंबरसावली, तुमचं नक्की ठरलं की मापांसकट इथे लिहा. आमच्या गड्यांची कंबर-मांडी मी आज टेपने मोजून ठेवतो. ऑक्टोबरात कलमं उतरवायच्या आधी मलाही दोन लागणार.

उंबरसावली

काका, ठरलं तसं सांगतो. झाडकामाचे दोन मागवतोय, एक मध्यम मापाचा आणि एक लहान, दोन्हींचा ब्रिज बदलता येणारा. फुल बॉडी तिन्ही आकड्यांचा एक इथेच घेतोय, कंपन्यांच्या आवारातल्या कामांसाठी आणि खाली तयार उभा राहणाऱ्यासाठी. मध्यमचं माप कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघायचं आहे, कारण माझी कंबर एका मापात बसते आणि मांडी दुसऱ्या. ताई, तक्त्याचा फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, एकदा नजर टाकाल का?